सहावीसाठी परिसरातील सरकारी शाळांची तुलना करताना नेमके काय पाहावे?

पाऊलखुणा (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी यंदा पाचवीत आहे. तिची सध्याची शाळा पाचवीपर्यंतच असल्यामुळे येत्या वर्षी सहावीसाठी तिचे नाव दुसऱ्या शाळेत घालायचे आहे. तिने सरकारी शाळेतच शिकावे, हे आम्ही दोघांनी पूर्ण विचारांती ठरवले आहे. तेव्हा सरकारी चांगली की खाजगी, हा वाद इथे सुरू होऊ नये, अशी आधीच विनंती करते. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. घरापासून जाण्यायेण्याजोग्या अंतरावर सहावी ते आठवीचे वर्ग असलेल्या तीन सरकारी शाळा आहेत आणि त्यांच्यातून निवड कशाच्या आधारे करावी, हे मला कळेनासे झाले आहे.

पहिली शाळा मोठी आहे. तिथे सहावी ते दहावीचे वर्ग असून प्रत्येक इयत्तेच्या चार तुकड्या आहेत आणि तिन्ही शाळांत तिचा निकाल बहुधा सर्वांत चांगला लागतो. मात्र ती बरीच लांब आहे आणि सकाळी लवकर भरते. दुसरी शाळा पहिली ते आठवीची, अगदी लहान. एका इयत्तेत जेमतेम पंचवीस मुले. तिचा निकाल एखाद्या वर्षी पहिल्या शाळेलाही मागे टाकतो आणि पुढच्याच वर्षी तळाला जातो. तिसऱ्या शाळेत फक्त सहावी ते आठवीचेच वर्ग आहेत. ती चालत जाण्यासारखी आहे, निकाल मध्यम आहे, पण आसपासचे लोक तिच्याविषयी फारसे बरे बोलत नाहीत. ‘तिथे कशाला घालता?’ असे सगळेच म्हणतात. का घालू नये, असे विचारले तर मात्र कोणालाही नेमके कारण सांगता येत नाही.

निकाल, पटसंख्या, शिक्षकांची संख्या, अंतर, ग्रंथालय, प्रयोगशाळा अशी जमेल तितकी माहिती गोळा करून मी एक तक्ता तयार केला. अडचण अशी की प्रत्येक रकाना वेगळ्याच शाळेकडे बोट दाखवतो आणि कोणत्या रकान्याला किती महत्त्व द्यायचे, हे तक्ता सांगत नाही. मुलीविषयी सांगायचे तर तिला वाचनाची मनापासून आवड आहे, पण गणिताची, त्यातही अपूर्णांकांची, तिला धास्ती वाटते. काही समजले नाही तर ती वर्गात विचारत नाही, गप्प बसून राहते. अशा मुलीसाठी शाळा निवडताना निकालावर किती भिस्त ठेवावी, प्रत्यक्ष शाळेत गेल्यावर काय पाहावे आणि लोकांच्या बोलण्याला किती किंमत द्यावी, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहिले तर फार मदत होईल.

आकडेमोड

नमस्कार. मी शैक्षणिक मूल्यमापनाच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून तुमच्या तक्त्यातील निकालाच्या रकान्याविषयीच सविस्तर लिहितो. बाकीच्या गोष्टी प्रत्यक्ष शिकवणारी मंडळी माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने सांगू शकतील.

शाळेच्या सरासरी निकालात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: मुले शाळेत येताना काय घेऊन आली, आणि शाळेने त्यात किती भर घातली. पालकाला खरे तर दुसरी गोष्ट जाणून घ्यायची असते, पण फलकावर जो आकडा लागतो त्यावर पहिलीचाच प्रभाव जास्त असतो. समजा, एका शाळेत सहावीत येणाऱ्या मुलांची सरासरी ७० गुणांची होती आणि आठवीच्या अखेरीस ती ७४ झाली. दुसऱ्या शाळेत मुले ४५ वर आली आणि ५८ वर पोहोचली. जाहीर होतात ते ७४ आणि ५८ हे आकडे, आणि सगळा परिसर पहिल्या शाळेला चांगली म्हणू लागतो. प्रत्यक्षात त्या तीन वर्षांत दुसऱ्या शाळेतील मुले बरीच अधिक पुढे गेलेली असतात.

हा फरक किती मोठा असू शकतो, याचे चांगले उदाहरण अमेरिकेतील आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील शॉन रिअर्डन यांनी तेथील सुमारे ११ हजार शालेय जिल्ह्यांतील (म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागांतील) तिसरी ते आठवीच्या मुलांच्या चाचण्यांचा अभ्यास केला. तिसरीतील सरासरी आणि त्यानंतरच्या पाच वर्षांतील प्रगती यांचा परस्परांशी फारच थोडा संबंध असल्याचे त्यांना आढळले. शिकागोच्या सरकारी शाळांतील मुलांची तिसरीतील सरासरी देशाच्या मानाने बरीच खाली होती, तरीही २००९ ते २०१४ या काळात ती मुले पाच वर्षांत सुमारे सहा वर्षांइतके शिकली होती. केवळ सरासरी निकाल पाहणाऱ्याला हे कधीच दिसले नसते. याच कारणासाठी इंग्लंडने २०१६ पासून माध्यमिक शाळांसाठी ‘प्रोग्रेस ८’ नावाचे मोजमाप लागू केले होते. प्राथमिक शाळा संपताना ज्यांची पातळी सारखी होती, अशा देशभरातील मुलांच्या तुलनेत या शाळेतील मुले किती पुढे गेली, हे ते मोजमाप पाहत असे. त्यावरही टीका झाली, कारण मुलांच्या घरच्या परिस्थितीचा विचार त्यात केला जात नव्हता. तरीही नुसत्या सरासरीपेक्षा ते कितीतरी बरे, असे माझे मत आहे.

आता तुमच्या दुसऱ्या शाळेविषयी. तिचा निकाल वरखाली होतो याचा अर्थ तिथले शिकवणे दरवर्षी बदलते, असा काढू नका. पंचवीस मुलांच्या वर्गात एका मुलाच्या यशापयशाने टक्केवारी चार अंकांनी हलते. दोनशे मुलांच्या इयत्तेत तीच जेमतेम अर्ध्या अंकाने हलते. थॉमस केन आणि डग्लस स्टेगर या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहान शाळा क्रमवारीच्या अगदी वरच्या टोकाला आणि अगदी खालच्या टोकाला, दोन्हीकडे, त्यांच्या प्रमाणापेक्षा जास्त आढळतात आणि त्याचे एक मोठे कारण निव्वळ योगायोग हे असते, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणून लहान शाळेचे किमान तीन वर्षांचे निकाल एकत्र करून पाहावेत, एका वर्षाच्या आकड्यावर काहीच ठरवू नये.

मुख्याध्यापकांना नेमके काय विचारावे? सहावीच्या सुरुवातीला मुलांची जी चाचणी घेतली, तिचे आणि त्याच मुलांच्या आठवीच्या अखेरच्या चाचणीचे आकडे शेजारी शेजारी दाखवता येतील का, हे विचारा. ‘त्याच मुलांचे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सहावीत आलेल्यांपैकी किती मुले आठवीपर्यंत टिकली, हेही त्याच वेळी विचारा, कारण अभ्यासात मागे पडलेली मुले मधेच शाळा सोडून गेली तर काहीही अधिक न शिकवता सरासरी वाढते. जी शाळा हे आकडे मोकळेपणाने दाखवते, तिच्याविषयी मला आकडे पाहण्याआधीच विश्वास वाटू लागतो.

आणखी एक रकाना तुमच्या तक्त्यात नाही, तो जरूर घाला: उपस्थिती. रॉबर्ट बाल्फान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियातील सहावीच्या मुलांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेतला आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहावीतच ज्यांची उपस्थिती ८० टक्क्यांच्या खाली गेली होती, किंवा जे गणितात वा भाषेत नापास झाले होते, त्यांच्यापैकी फार थोडी मुले वेळेत शालान्त शिक्षण पूर्ण करू शकली. या वयात मूल शाळेत यायचे टाळू लागले, तर पुढच्या अडचणींची ती पहिली खूण असते. म्हणून शाळेची सरासरी उपस्थिती तर विचाराच, पण मूल सलग काही दिवस आले नाही तर घरी कोण आणि कधी संपर्क साधते, हेही विचारा.

खडूफळा

पाऊलखुणाताई, मी निवृत्त शिक्षिका आहे. नोकरीतील बहुतेक वर्षे मी सहावी ते आठवीच्या वर्गांना गणित शिकवले, म्हणून तुमचा प्रश्न मला जवळचा वाटला. आकडेमोड यांनी जे लिहिले आहे ते पटण्यासारखे आहे. मी प्रत्यक्ष भेटीविषयी लिहिते.

पाचवीपर्यंत मुलाचा बहुतेक वेळ एकाच शिक्षकाबरोबर जातो. कोण रडवेले झाले आहे, कोणी डबा खाल्ला नाही, कोणाला कालचे गणित आलेले नाही, हे त्या एका व्यक्तीला न सांगता कळते. सहावीत विषयागणिक शिक्षक बदलतो. प्रत्येक शिक्षक दिवसभरात शंभर-दीडशे मुलांना शिकवतो आणि बोलकी मुले सोडली तर बाकीची त्याच्या लक्षात राहतातच असे नाही. तुमच्या मुलीसारखी गप्प बसणारी मुले इथेच नजरेआड होतात. मानसशास्त्रज्ञ जॅकलिन एकल्स यांनी १९८० च्या दशकापासून नेमके हेच मांडले आहे: या वयात मुलांना घराबाहेरच्या मोठ्या माणसाचा आधार आणि थोडे स्वातंत्र्य हवे असते, आणि नेमक्या त्याच वेळी शाळा अधिक कडक आणि अधिक परकी होते. त्यामुळे शाळेत गेल्यावर माझा पहिला प्रश्न हा असेल: वर्गशिक्षक आपल्या वर्गाला आठवड्यातून किती तास भेटतात आणि ते तीन वर्षे त्याच वर्गाबरोबर राहतात की दरवर्षी बदलतात? वर्गशिक्षक फक्त हजेरी घेण्यापुरते येत असतील, तर ते पद नावापुरतेच आहे असे समजा.

दुसरी गोष्ट म्हणजे वह्या. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन सहावीच्या चार-पाच मुलांच्या गणिताच्या वह्या पाहा, आणि त्या शिक्षकांनी निवडून दिलेल्या नसाव्यात. तुमच्या मुलीची अडचण अपूर्णांकांची आहे, म्हणून तेच पान उघडा. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, ही चूक तुम्हाला कुठल्या ना कुठल्या वहीत सापडेलच, कारण वरच्या अंकांची आणि खालच्या अंकांची वेगवेगळी बेरीज करणे हे या वयातील मुलांना अगदी सरळ वाटते. पाहायचे ते हे की त्या चुकीचे पुढे काय झाले. काही वह्यांत पानाच्या तळाशी फक्त एक लाल खूण आणि सही असते, चूक तशीच राहिलेली असते. काही वह्यांत चुकीवर फुली आणि शेजारी फळ्यावरून उतरवलेले बरोबर उत्तर असते. मुलाला ती चूक का झाली हे कळले असेल, याची त्यात काहीच खात्री नाही. आणि एखाद्या वहीत शिक्षकाने समासात लिहिलेले असते, ‘अर्ध्यात आणखी काही मिळवले, तर उत्तर अर्ध्यापेक्षा लहान कसे येईल? आकृती काढून पाहा’, आणि त्याखाली मुलाने दोन पट्ट्या काढून, त्यांचे सहा-सहा भाग करून, पाच षष्ठांश हे उत्तर स्वतः शोधलेले असते. अशी वही ज्या शाळेत एकापेक्षा अधिक मुलांकडे सापडेल, तिचा निकाल मध्यम असला तरी तिथे तुमची मुलगी गणिताला घाबरणार नाही, असे मी माझ्या अनुभवावरून खात्रीने सांगेन.

ग्रंथालयात पुस्तके किती आहेत यापेक्षा पुस्तके देण्याघेण्याची नोंदवही पाहा. कपाटाला कुलूप आणि नोंदवहीतली शेवटची नोंद मागच्या वर्षाची असेल, तर पुस्तकांच्या संख्येला काही अर्थ नाही. प्रयोगशाळेचेही तसेच.

मुलींची स्वच्छतागृहे मात्र स्वतः आत जाऊन पाहाच, आणि यात संकोच करू नका. पाणी चालू आहे का, दाराची कडी लागते का, कचऱ्यासाठी झाकणाची टोपली आहे का, या तीन गोष्टी पाहायला फार वेळ लागत नाही. अकरा ते चौदा या वयात मुलींच्या शरीरात जे बदल होतात, त्यामुळे ही सोय नसेल तर मुली दर महिन्याला शाळा बुडवू लागतात, दिवसभर पाणी पिणे टाळतात आणि कारण मात्र कोणालाच सांगत नाहीत. शाळेच्या जाहीर माहितीत ‘स्वच्छतागृह आहे’ एवढेच लिहिलेले असते. ते वापरण्याजोगे आहे की नाही, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही.

उंबरठा

माझा मुलगा नुकताच आठवी संपवून पुढच्या शाळेत गेला आहे, त्यामुळे पालक म्हणून लिहिते. वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, परंतु आकडेमोड यांच्या मांडणीतील एका गोष्टीशी मी पूर्णपणे सहमत नाही. शाळेत कोणती मुले येतात, ही गोष्ट त्यांनी जणू बाजूला काढून टाकली आहे. पालकाच्या दृष्टीने ती बाजूला काढता येत नाही, कारण आपले मूल दिवसाचे पाच-सहा तास त्याच मुलांमध्ये बसणार असते. वर्गात अभ्यासाची ओढ असलेली मुले असतील तर इतरांनाही ती लागते, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलावर शिक्षकांपेक्षा सोबत्यांचा प्रभाव जास्त असतो, हे मी घरात पाहिले आहे. म्हणून पहिल्या शाळेचा चांगला निकाल हा केवळ मुलांनी बरोबर आणलेल्या शिदोरीचा परिणाम असला, तरी त्या शिदोरीतला थोडा वाटा तुमच्या मुलीलाही मिळेल, असे मला वाटते.

पहिल्या शाळेच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे. तिथे दहावीपर्यंत वर्ग असल्यामुळे आठवीनंतर पुन्हा शाळा बदलावी लागणार नाही. मुलाने आठवीनंतर शाळा बदलली तेव्हा नवे शिक्षक, नवे मित्र आणि नवा अभ्यासक्रम या सगळ्याशी एकदम जुळवून घेताना त्याची पहिली सहामाही कशी गेली, हे मला चांगले आठवते.

याउलट अंतर आणि वेळ यांचा विचार लोक फार वरवर करतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये अशी शिफारस केली की सहावीपासून पुढच्या वर्गांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत, कारण वयात येताना मुलांच्या शरीराचे झोपेचे चक्रच पुढे सरकते. लवकर झोपायला लावले तरी त्यांना लवकर झोप येत नाही. लांबची शाळा आणि लवकरची वेळ एकत्र आली तर ती तूट रोज साठत जाते. त्यातून प्रवासाचा वेळ जातो तो खेळाच्या आणि वाचनाच्या वेळातून, आणि शाळा सुटल्यावर थांबून सराव, नाटक किंवा विज्ञान मंडळ यांत भाग घेणे लांबच्या मुलांना बहुधा जमत नाही. तुमच्या मुलीला वाचनाची आवड आहे, म्हणून हा मुद्दा तिच्या बाबतीत अधिकच महत्त्वाचा आहे.

लोकांच्या बोलण्याविषयी एवढेच सांगते की बोलणाऱ्याचे मूल सध्या त्या शाळेत आहे का, हे आधी विचारावे. बहुतेकांचे नसते. ज्यांची मुले आज तिथे सातवी-आठवीत आहेत, अशा दोन-चार पालकांना गाठून ‘तुमच्या मुलाला मागच्या महिन्यात काही अडचण आली तेव्हा शाळेने काय केले?’ असे थेट विचारा. ‘शाळा कशी आहे?’ या प्रश्नाला ‘बरी आहे’ याखेरीज उत्तर मिळत नाही.

आकडेमोड

उंबरठा यांचा आक्षेप रास्त आहे आणि सोबत्यांचा प्रभाव असतो हे मी नाकारत नाही. प्रश्न असा आहे की तो पालक समजतात तितका मोठा असतो का. बोस्टन आणि न्यू यॉर्क येथे प्रवेशपरीक्षा घेऊन मुले निवडणाऱ्या नामांकित सरकारी शाळा आहेत. बोस्टनमध्ये तर सातवीपासूनच तिथे प्रवेश मिळतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रवेशाच्या गुणमर्यादेच्या किंचित वर राहून आत गेलेली आणि किंचित खाली राहून बाहेर राहिलेली मुले यांची तुलना केली गेली. आत गेलेल्यांना कितीतरी हुशार सोबती मिळाले होते, पण पुढच्या परीक्षांतील त्यांचे गुण बाहेर राहिलेल्यांपेक्षा फारसे वेगळे नव्हते. मात्र गुणांपलीकडचे परिणाम तपासणारा एक वेगळा अभ्यासही आहे. अमेरिकेतीलच शार्लट शहरात सरकारी शाळांचे प्रवेश चिठ्ठ्या टाकून दिले गेले होते. आपल्या पसंतीची माध्यमिक शाळा मिळालेल्या मुलांचे गुण फारसे वाढले नाहीत, पण ज्या मुलांची वाट चुकण्याची भीती सर्वांत जास्त होती, त्यांच्यातील गंभीर गुन्ह्यांचे प्रमाण पुढे निम्म्याच्या आसपास आले, असे डेव्हिड डेमिंग यांनी २०११ मध्ये दाखवले. म्हणजे शाळेचा परिणाम होतो, पण तो निकालाच्या रकान्यात दिसेलच असे नाही.

शाळा बदलण्याविषयीही एक खुलासा करतो, कारण दुसऱ्या शाळेच्या बाबतीत त्याचा गैरसमज होऊ शकतो. न्यू यॉर्कमधील मुलांच्या अभ्यासात जोना रॉकॉफ आणि बेंजामिन लॉकवूड यांना २०१० मध्ये असे आढळले की सहावीत किंवा सातवीत वेगळ्या शाळेत गेलेल्या मुलांची गणितातील आणि भाषेतील प्रगती, आठवीपर्यंत एकाच शाळेत राहिलेल्या मुलांच्या तुलनेत घसरते. हे वाचून कोणी म्हणेल की मग पहिली ते आठवीची शाळाच उत्तम. परंतु तो फायदा मुख्यतः पहिलीपासून तिथेच असलेल्या मुलांचा आहे. तुमच्या मुलीला तिन्हीपैकी कुठेही गेली तरी शाळा बदलावीच लागणार आहे. उलट लहान शाळेत पाच वर्षे एकत्र वाढलेल्या पंचवीस मुलांच्या वर्गात ती एकटी नवी असेल. सहावीपासून सुरू होणाऱ्या शाळेत सगळीच मुले नवी असतात, आणि गप्प स्वभावाच्या मुलीसाठी हा फरक लहान नाही.

पाऊलखुणा

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, याबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मी तिन्ही शाळांना भेट देऊन आले, म्हणून काय दिसले ते कळवते.

पहिल्या शाळेत सर्व काही शिस्तीत आहे. ग्रंथालय सुरेख आहे आणि मुलांचा वावरही तिथे दिसला. मात्र त्याच मुलांचे सहावीचे आणि आठवीचे आकडे मागितले तेव्हा ‘असे आकडे आम्ही काढत नाही’ असे उत्तर मिळाले. वर्गशिक्षक दरवर्षी बदलतात. सकाळच्या वेळेचा हिशेब केला तर मुलीला उजाडण्यापूर्वी उठावे लागेल. दुसऱ्या शाळेतील शिक्षक अत्यंत आपुलकीने वागतात, परंतु संख्या कमी असल्यामुळे सहावी आणि सातवीचे काही तास एकत्र घेतले जातात, आणि वर्गातील मुली एकमेकींना पहिलीपासून ओळखतात, हे आकडेमोड यांनी लिहिल्याप्रमाणे लगेच जाणवले.

तिसऱ्या शाळेने मला चकित केले. मुख्याध्यापिकांनी कपाटातून नोंदवही काढून सहावीत आलेली मुले, मधे सोडून गेलेली मुले आणि त्यांची कारणे एकेक करून दाखवली. गणिताचे शिक्षक एका तुकडीबरोबर सहावीपासून आठवीपर्यंत राहतात. मी पाहिलेल्या वह्यांपैकी दोन वह्यांत अपूर्णांकांच्या पट्ट्या काढलेल्या होत्या आणि एका वहीत मुलीने शिक्षकांना उद्देशून ‘मला अजून कळले नाही’ असे लिहिलेले होते. त्याखाली शिक्षकांनी दुसऱ्या पद्धतीने सोडवायला दिलेले उदाहरण होते. ते पान मी बराच वेळ पाहत राहिले. स्वच्छतागृहे नीट आहेत. लोक नावे का ठेवतात, हे तिथल्या एका पालकांकडून कळले: काही वर्षांपूर्वी इमारत फार वाईट अवस्थेत होती, आता ती दुरुस्त झाली आहे.

आमचा कल आता तिसऱ्या शाळेकडे आहे. एकच गोष्ट मनाला टोचते आहे, ती ही की तिथे विज्ञानाच्या शिक्षकाची जागा सध्या रिकामी आहे. त्यामुळे निर्णय बदलावा का?

खडूफळा

ताई, वहीतले ते वाक्य वाचून मला फार बरे वाटले. ज्या वर्गात मूल ‘मला अजून कळले नाही’ असे लिहू शकते, त्या वर्गात तुमच्या मुलीला बोलावे लागले नाही तरी विचारता येईल.

रिकाम्या जागेची काळजी करण्यासारखी आहे, पण तेवढ्यासाठी निर्णय बदलू नये, असे मला वाटते. गणितात प्रत्येक धडा आधीच्या धड्यावर उभा असतो. सहावीत अपूर्णांक कच्चे राहिले तर सातवीत गुणोत्तर आणि आठवीत बीजगणित, दोन्ही अडतात. सहावीच्या विज्ञानातील बरेचसे धडे एकमेकांवर तितके अवलंबून नसतात आणि मुलीला वाचनाची आवड असल्याने तिथली उणीव पुस्तकांतून काही अंशी भरून काढता येते. अर्थात पुस्तक प्रयोगाची जागा घेऊ शकत नाही, म्हणून ही उणीव तीन वर्षे तशीच राहता कामा नये.

मुख्याध्यापिकांना पुन्हा भेटून तीन गोष्टी विचारा. वेळापत्रकात विज्ञानाचे तास सध्या कोणाच्या नावावर आहेत आणि त्या व्यक्तीचे स्वतःचे शिक्षण कोणत्या विषयात झाले आहे? जागा भरण्याची मागणी लेखी गेली आहे का आणि कधी? पालकांच्या समितीने हा विषय वरिष्ठांकडे नेला आहे का? नेला नसेल तर प्रवेश घेतल्यावर तुम्ही तो नेऊ शकाल; एकट्या मुख्याध्यापकांच्या पत्रापेक्षा पालकांच्या एकत्रित पत्राची दखल लवकर घेतली जाते, असा माझा अनुभव आहे. त्याबरोबरच सध्याच्या सातवीच्या विज्ञानाच्या वह्या मागून पाहा. धड्यांच्या तारखांत मोठा खंड नसेल आणि प्रयोगांच्या आकृत्या मुलांनी स्वतः काढलेल्या असतील, तर तात्पुरती व्यवस्था नीट चालली आहे असे समजायला हरकत नाही. तारखांत महिना-महिना अंतर दिसले, तर मात्र घरी काय करता येईल याची तयारी आधीपासून ठेवा.

प्रवेशाचा अर्ज देण्यापूर्वी मुलीलाही एकदा शाळा दाखवा. शक्य झाले तर तिला गणिताच्या तासाला मागच्या बाकावर बसू द्यावे, अशी विनंती करा, आणि ही परवानगी लवकर मागा. परीक्षा जवळ आल्या की शाळा बाहेरच्या कोणाला वर्गात बसू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.